शेवटची पंचवीस मिनिटं

मानसशास्त्र हा विषय मी दोनदा शिकलो. एकदा बी.ए.ला असताना, तेव्हा नापास झालो. दुसऱ्यांदा चंद्रहास टॉकीजच्या बाल्कनीत, मीराबाईंच्या हाताखाली. तिथे मी पास झालो असं काही महिने तरी समजत होतो.

मीराबाई स्नेहलतागंजात आमच्या गल्लीच्या टोकाला राहत. त्यांचे यजमान पंढरीनाथ मिलमध्ये कताई खात्यात होते. 'होते' हा शब्द त्या वर्षी इंदूरात फार वापरात आला. पेपरात रोज यायचं की देशाची दारं उघडली, आता बाहेरचं जग आत येणार. आमच्याकडे मात्र आधी मिलचं फाटक बंद झालं आणि आतली माणसं बाहेर आली. पंढरीनाथ तरीही रोज सकाळी दाढी करून त्या बंद फाटकावर जाऊन बसत. मी एकदा विचारलं, "दादा, तिथे करता काय?"

"काही नाही भिया. सगळे येतात. मी नाही गेलो तर कैसं दिसेल?"

पन्नाशीच्या माणसाला दोस्तांची एवढी धास्ती, तर पंधरा वर्षांच्या पोराची काय कथा, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण मी म्हटलं ना, त्या विषयात मी नापास.

घर चालवायला मीराबाई उभ्या राहिल्या. चंद्रहासच्या बाल्कनीत बायकांची गर्दी असे, त्यांना अंधारात खुर्ची दाखवायला बाईमाणूस हवं होतं. मॅनेजर रघुवीरजींनी मीराबाईंना ठेवलं आणि आधीच्या गेटकीपरचा खाकी कोट दिला. तो गेटकीपर सहा फूट असावा. मीराबाई पाच फुटांच्या आतल्या. बाह्या दोनदा दुमडून त्या दारात उभ्या राहिल्या की लांबून वाटे, कोटच टॉर्च घेऊन उभा आहे. टॉर्च तीन सेलची आणि मानी होती. मांडीवर दोन थपडा खाल्ल्याशिवाय पेटायची नाही.

"भाऊ," त्या मला सांगत, "तुम्ही लोक पिक्चर बघता. मी पिक्चर बघणाऱ्यांना बघते. पाच पोरं येतात ना, त्यातला एकच हसतो. बाकीचे आधी त्याच्याकडे बघतात, मग हसतात. आणि जो सगळ्यात जोरात हसतो ना, पण सगळ्यात उशिरा, तो बिचारा घाबरलेला असतो. त्याला वाटतं, आज नाही हसलो तर उद्या मला नेणार नाहीत."

बी.ए.च्या पुस्तकात यावर चाळीस पानं होती. मला एकही कळलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात चंद्रहासला एक सिनेमा लागला आणि हलेचना. त्याचं नाव राहू द्या, अख्ख्या इंदूरची पोरं त्याला 'रुमालवाला' म्हणत. गावाकडचा एक हुशार मुलगा शहरातल्या बड्या शाळेत येतो. तिथे मनगटाला निळा रुमाल बांधणाऱ्या पोरांची टोळी असते. त्यांच्यात शिरायचं तर आधी सिगरेट, मग मास्तरांची सायकल पळवणं, असं एकेक करावं लागतं. पोरगा सगळं करतो. मध्यंतराच्या थोडं पुढे टोळीच्या म्होरक्याच्या बहिणीची वरात निघते. वरातीत बँड असतो आणि बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा माणूस या पोराचा बाप निघतो. म्होरक्या विचारतो, "ओळखतोस याला?" पोरगा म्हणतो, "नाही." बाप क्लॅरिनेट थांबवत नाही. वाजवतच राहतो, नुसता सूर चढत जातो.

तिथे बाल्कनीत हुंदके ऐकू येत. पण सिनेमा तिथे संपत नसे. शेवटी शाळेचं स्नेहसंमेलन असतं, पोरगा बक्षीस घ्यायला स्टेजवर जातो, बाहेर तोच बँड वाजत असतो. तो स्टेजवरून उतरतो, बापाला हात धरून वर आणतो आणि माइकवर सांगतो, "हे माझे वडील." मग एकेका पोराच्या मनगटावरचा निळा रुमाल खाली पडतो. असा सगळा गोड कारभार.

आता इंदूरची गंमत ऐका. आमच्याकडच्या इंग्रजी शाळा सुटत अडीचला. बारा ते पावणेतीनचा शो. शाळा बुडवून आलेल्या पोरांना अडीचच्या आत सायकल हाणत शाळेच्या फाटकाशी पोचायचं, सुटलेल्या गर्दीत मिसळायचं आणि थकल्या चेहऱ्याने घरी जायचं असे. म्हणून दोन वीस झाले की बाल्कनीतल्या खुर्च्या धडाधड मिटत आणि निळे रुमाल बांधलेली पोरं ओळीने बाहेर. वरात त्यांना पाठ होती. स्टेज कुणी पाहिलंच नव्हतं. बापाला नाकारायचं कसं, हे पोरं शिकून जात. पुढे काय करायचं, ते शेवटच्या पंचवीस मिनिटांत होतं.

मीराबाईंचा यावर जीव जळे. त्या दारातून हाक मारत, "अरे रुको रे! अब तो बाप आएगा!" बाप येणार म्हटल्यावर पोरं चौपट वेगाने जिना उतरत.

"अर्धं औषध घेऊन जातात भाऊ," त्या म्हणत. "अर्ध्या औषधाने बिमारी वाढते." आणि मग ठरलेलं वाक्य, "माझा ज्ञानू मात्र इकडे फिरकत नाही. त्याला पास दिला तर म्हणतो, आई, अभ्यास आहे."

ज्ञानू म्हणजे ज्ञानदीप, त्यांचा एकुलता एक. नववीत, इंग्रजी शाळेत. गल्लीतून त्या शाळेत जाणारा तो एकटाच. त्यांच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली आजोबांचा, महूच्या पलटणीतले नथू हवालदार, मिशांसकट. आजोबा म्हणे इंग्रजीत शिव्या देत. नातवाने इंग्रजीत शिकावं ही त्यांची इच्छा, आणि मीराबाईंनी ती मिल बंद झाल्यावरही मोडू दिली नव्हती. ज्ञानू सिनेमा बघत नाही ही गोष्ट त्यांनी आमच्या गल्लीला सांगितली, टॉकीजच्या समोसेवाल्याला सांगितली आणि रघुवीरजींना तर इतक्यांदा सांगितली की ते स्वतःच ती इतरांना सांगू लागले.

एका बुधवारी मी बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय, असं सांगितलं. आई त्या वेळी देवासला बहिणीकडे दोन्ही डोळ्यांनी ठणठणीत होती. मी सिनेमाला गेलो, आणि दारात मीराबाईंना ही थाप हसत हसत सांगितलीही. वय वर्षं एकेचाळीस, पण शाळा बुडवल्याचा आनंद तोच.

अंधार झाला, जाहिराती सुरू झाल्या आणि मागून पाच पोरं आत आली. मनगटाला निळे रुमाल. मीराबाईंनी टॉर्चला दोन थपडा दिल्या. टॉर्च पेटली ती नेमकी चौथ्या पोराच्या तोंडावर.

ज्ञानदीप होता.

टॉर्च तिथेच थांबली. मीराबाईंच्या हाताला बहुतेक काय करावं ते कळेना. पुढचा पोरगा, हृषीकेश त्याचं नाव, एका मोठ्या डॉक्टरांचा मुलगा, टोळीत त्याला रिशी म्हणत, तो वळून म्हणाला, "क्या हुआ जीडी? पहचान की है क्या तेरी?"

शाळेत ज्ञानदीपचा जीडी झाला होता. जीडीला आडनाव नव्हतं, गल्ली नव्हती, मिल नव्हती.

ज्ञानदीपने आधी रिशीकडे पाहिलं. मग म्हणाला, "टॉर्च नीचे कर ना, बाई."

पोरं हसली. सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात जोरात ज्ञानदीप हसला. टॉर्च खाली गेली. अंधारात मीराबाईंचा आवाज आला, रोजच्यासारखाच, "एफ सात से ग्यारह. संभाल के, पायरी है."

मी डी रांगेत माझ्या खुर्चीत शक्य तितका खाली सरकलो.

मध्यंतरात हात धुवायला गेलो तर नळापाशी ज्ञानदीप उभा. पाणी सुरू, हात कोरडे. मला पाहून त्याने नळ बंद केला.

"काका, प्लीज. तुम्ही मला ओळखत नाही."

मला माझी देवासची आई आठवली. "ठीक आहे," मी म्हणालो. "आणि तू मला."

आम्ही दोघं हसलो. दोन शाळाबुडव्यांचा करार. मला तो फार विनोदी वाटला होता. बँकेत कुणाला सांगता येणार नाही, म्हणून थोडं वाईटही वाटलं. तो रुमालाचं टोक दातांनी ओढून गाठ घट्ट करत होता, एवढं मात्र लक्षात आहे. गाठ आधीच घट्ट होती.

बाहेर मीराबाई समोसेवाल्याच्या बाजूला उभ्या होत्या. म्हणाल्या, "बघितलं ना भाऊ?"

"अहो, पोरसवदा वय. चालायचंच."

"आधी त्याच्याकडे बघितलं त्याने. मग हसला." त्या टॉर्चचं बटण उगीच वरखाली करत होत्या. "चालेल. पिक्चरमध्ये पण तर पोरगा आधी नाहीच म्हणतो. पण आज मी शेवट दाखवीन त्याला. शेवट बघितला की समजेल. हुशार आहे तो."

इतका ठाम विश्वास मी देवळातसुद्धा पाहिलेला नाही. अडीचशेच्या वर वेळा त्यांनी तो पोरगा स्टेजवरून उतरताना पाहिला होता. एकदाही तो उतरला नाही असं झालं नव्हतं.

वरात आली, क्लॅरिनेटचा सूर चढला, उतरला. दोन वीस झाले. खुर्च्या मिटल्या. पोरं दाराशी गेली आणि दार उघडेना. मी वळून पाहिलं. काचेच्या तावदानापलीकडे खाकी कोट दिसत होता. मीराबाई बाहेरून दाराची मूठ धरून उभ्या होत्या.

"बस पचीस मिनिट, बेटा. शेवट पाहून जा. आज सगळे पाहून जा."

"अरे दरवाज़ा खोल बाई! स्कूल छूट जाएगा!"

"एक दिवस उशीर झाला तर काही नाही होत."

मागे पोरांची रांग वाढली. दुसऱ्या शाळांचीही होती. कुणी शिट्टी मारली. रिशीने दाराला लाथ घातली, पुन्हा घातली, आणि तावदान खळ्ळकन खाली आलं. मीराबाईंच्या दुमडलेल्या बाहीत काचेचे तुकडे अडकले. दिवे न लावता रघुवीरजी धावत आले आणि पोरांना, बाईंना, गर्दीला घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात उभे राहिले. मीही गर्दीबरोबर बाहेर आलो. गर्दी असली की मी नेहमी तिच्याबरोबर असतो.

"किसने तोड़ा?"

रिशी बिनदिक्कत म्हणाला, "इसने. ये बाई ने दरवाज़ा बंद करके रखा था. हमने धक्का दिया तो इसने ज़ोर से पटक दिया. पूछ लो सबको."

रघुवीरजी मीराबाईंकडे वळले. "दरवाज़ा काहे को बंद किया तुमने?"

मीराबाई म्हणाल्या, "साहब, अंत दिखाना था बच्चों को."

व्हरांडा हसला. अगदी मनापासून, पोट धरून. रघुवीरजींनाही हसू आलं, मग राग आला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पाच पोरांवर नजर फिरवली आणि त्यातला सगळ्यात सरळ चेहरा निवडला.

"तुम बताओ बेटा. तुम भले घर के दिखते हो. क्या हुआ था?"

ज्ञानदीप रुमालाची गाठ चाचपू लागला.

"अरे बोलो! शरम करो कुछ. इसी बाई का अपना लड़का है, तुम्हारी उमर का. पढ़ने में अव्वल. माँ टॉकीज में काम करती है, फिर भी आज तक पिक्चर की तरफ देखता नहीं. उससे सीखो कुछ! जानते हो इनको? ये रोज़ तुम लोगों को बैठाती हैं. इनकी क्या दुश्मनी तुमसे?"

बाल्कनीच्या फुटक्या तावदानातून आतला आवाज आता स्वच्छ येत होता. स्नेहसंमेलन सुरू झालं होतं. बँड वाजत होता.

मीराबाईंनी मुलाकडे पाहिलं नाही. त्या पडद्याच्या दिशेने कान देऊन उभ्या होत्या. ओळखीचं वाक्य यायची वेळ झाली होती, आतही आणि बाहेरही.

ज्ञानदीपने रिशीकडे पाहिलं. मग म्हणाला, "नहीं. मैं नहीं जानता इनको. दरवाज़ा इन्होंने ही पटका."

आत टाळ्या पडल्या. स्टेजवरून पोरगा उतरला असणार.

"आणखी कुणी पाहिलं?" रघुवीरजी मराठीवर आले. ते अडचणीत सापडले की मराठीवर येत. "कुणी बोला तरी. नाव-पत्ता लिहून घेतो."

मी डी रांगेत, दारापासून दहा हातांवर होतो. लाथ पाहिली होती, दोन्ही पाहिल्या होत्या. पण नाव, पत्ता, वार बुधवार, वेळ दोन पंचवीस. आणि नळापाशी केलेला करार. ज्ञानदीपने माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघांनी एकमेकांना ओळखलं नाही. शब्दाला पक्के राहिलो.

मीराबाई म्हणाल्या, "साहेब, पोरांना जाऊ द्या, त्यांची शाळा सुटेल. दार माझ्याच हातून आपटलं."

पोरं जिना उतरली. खाकी कोट मीराबाईंनी तिथेच काढला, बाह्या सरळ केल्या, काचा झटकल्या आणि घडी करून स्टुलावर ठेवला. वर टॉर्च.

संध्याकाळी ज्ञानदीप वेळेवर घरी आला. हे मीराबाईंनी नंतर माझ्या बायकोला, सरलाला, सांगितलं. जेवायला बसला. त्यांनी वाढलं. त्यांना वाटत होतं, आता बोलेल. भात संपेपर्यंत वाट पाहिली. पंढरीनाथांनी विचारलं, "काय रे, शाळेत काय झालं आज?" तो म्हणाला, "काही नाही. भूगोल." हात धुऊन अभ्यासाला बसला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सरला चिडून म्हणाली, "अहो, तुम्ही कानाखाली का नाही वाजवत त्याच्या?" तर मीराबाई म्हणाल्या, "मी मारलं तर तो मार खाऊन माफी मागेल. तशी नको."

आठवड्याने मी त्यांच्याकडे गेलो. कृष्णपुऱ्याजवळच्या एका दुकानाचं साड्यांना फॉल लावायचं काम त्यांनी धरलं होतं. मांडीवर कुणाची तरी लाल साडी. मी बरंच काहीबाही बोललो. वय, संगत, शाळेचं वातावरण. पुस्तकातली जी चाळीस पानं तेव्हा कळली नव्हती, ती आता तोंडातून घडाघडा येत होती. त्यांनी दोरा तोडला.

"भाऊ, त्याचं तर कळलं. पंधरा वर्षांचा आहे तो. मी 'अंत दिखाना था' म्हटलं तेव्हा तुम्ही पण हसलात. तुम्ही कोणाकडे बघून हसलात?"

त्यांच्या हातात टॉर्च नव्हती. तरी मी डोळ्यांवर हात आडवा धरला.

त्यानंतरही त्या मला भाऊच म्हणत. रस्त्यात भेटल्या की चौकशी करत, आईचे डोळे कसे आहेत तेसुद्धा विचारत. पण सिनेमा बघणाऱ्यांची गोष्ट त्यांनी मला पुन्हा कधी सांगितली नाही. माझं शिक्षण तिथे थांबलं.

रुमालवाल्याचा शेवटचा आठवडा लागला तेव्हा मीराबाईंनी दोन तिकिटं काढली. रविवारची, बाराच्या शोची. रविवारी शाळेची भानगड नाही. ज्ञानदीपला म्हणाल्या, "एकदा माझ्याबरोबर चल. दुसरं काही मागत नाही." तो आला. आईच्या शेजारी बसला, मनगटाला रुमाल नव्हता. मीराबाईंनी सरलाला हे सांगितलं तेव्हा इथे त्यांचा चेहरा उजळला होता म्हणे.

मध्यंतरात दोन रांगा पुढे त्याच्या वर्गातली दोन मुलं दिसली. तो खुर्चीत खाली सरकला. वरात आली. पडद्यावरचा पोरगा 'नाही' म्हणाला. ज्ञानदीप जमिनीकडे बघत होता. मीराबाईंनी मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं नाही, नुसता हात दोन खुर्च्यांमधल्या दांडीवर ठेवला.

दोन वीसला ती मुलं सवयीने उठून मागे वळायच्या आतच ज्ञानदीप उठला. "आई, मी सायकल काढून ठेवतो," म्हणाला आणि नवी काच बसवलेल्या दारातून अंधारातच निघून गेला. दारातल्या नव्या गेटकीपरने त्याला टॉर्च दाखवली.

मीराबाईंनी शेवट एकटीने पाहिला. पहिल्यांदाच तिकीट काढून, पहिल्यांदाच बसून.

सरलाने विचारलं, "मग? रडलात?"

"नाही हो," मीराबाई साडी उलटवत म्हणाल्या. "मी विचार करत होते, हे पिक्चरवाले इतके शिकलेले लोक, पण त्यांना एवढं नाही कळलं. शेवट मध्यंतराच्या आधी दाखवायला पाहिजे होता. तेव्हा सगळे बसलेले असतात."